कर नाही त्याला डर कशाला?

उमेदवारांनी आपली प्राप्तिकर विवरणपत्रे लोकांसमोर ठेवावीत की नाही, हा वाद सुरू झाला की थोड्याच वेळात कुणीतरी ही म्हण फेकतो. म्हणीतला ‘कर’ करणीचा आहे. पण विषय प्राप्तिकराचा, त्यामुळे श्लेष आयता साधतो आणि टाळी मिळते. विवरणपत्रे सक्तीने जाहीर व्हावीत, याच मताचा मी आहे. तरीही या वादात मला ही म्हण नको आहे. आज ती उमेदवाराच्या दारात उभी आहे, उद्या ती तुमच्या फोनपाशी, बँकखात्यापाशी, डॉक्टरच्या चिठ्ठीपाशी येऊन उभी राहील. ज्याने काहीही वावगे केलेले नाही, त्यालाही आपली चिठ्ठी खिशात ठेवण्याचा हक्क आहे. एखाद्याकडून त्याचे विवरणपत्र मागायचे तर ‘लपवतोस म्हणजे काहीतरी असणार’ यापेक्षा भक्कम कारण हाताशी हवे.

ते कारण काय, हे सांगण्याआधी श्लेषाला त्याचा मान देऊन टाकतो. इतिहासात म्हण बरेचदा उलटी लागू पडलेली दिसते: ज्याच्या विवरणपत्रात कर नव्हता, त्यालाच डर होती.

ऑक्टोबर १९७३मध्ये अमेरिकेतल्या ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ या वर्तमानपत्राने छापले की अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९७० या वर्षासाठी ७९२ डॉलर ८१ सेंट आणि १९७१साठी ८७८ डॉलर ३ सेंट एवढाच संघीय प्राप्तिकर भरला आहे. अध्यक्षांचा नुसता पगार तेव्हा वर्षाला दोन लाख डॉलर होता. ही किमया दानाची होती. उपाध्यक्षपदाच्या काळातली आपली कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागाराला दिल्याचे दाखवून निक्सन यांनी पाच लाख ७६ हजार डॉलरची वजावट घेतली होती आणि ती काही वर्षांवर पसरून वापरली होती. अशा दानावरची सवलत जुलै १९६९पासून बंद झाली होती. दानपत्रावर तारीख होती मार्च १९६९ची. सही मात्र १९७०मध्ये झालेली.

‘मी लबाड नाही’ हे निक्सन यांचे वाक्य जगभर वॉटरगेट या हेरगिरीच्या प्रकरणाशी जोडले जाते. १७ नोव्हेंबर १९७३ला फ्लोरिडात संपादकांसमोर ते हे म्हणाले, तेव्हा विषय त्यांच्या स्वतःच्या पैशांचा आणि कराचा चालला होता. डिसेंबरात त्यांनी विवरणपत्रे खुली केली आणि संसदेच्या संयुक्त कर समितीला तपासायला दिली. समितीच्या तज्ज्ञांनी एप्रिल १९७४मध्ये हिशेब मांडला: व्याजासह ४,७६,४३१ डॉलर देणे निघते.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक कोपरा. बातमी येण्याच्या काही महिने आधी करखात्याने निक्सन यांची विवरणपत्रे तपासली होती. ती बरोबर असल्याचे कळवले होते आणि वर नीटनेटकेपणाबद्दल शाबासकीही दिली होती. तपासणारा अधिकारी फार वाईट होता असे मानायची गरज नाही. देशाच्या प्रमुखाची वजावट नाकारणारा कारकून कुठल्याही देशात विरळाच.

म्हणून ‘विवरणपत्र करखात्याकडे असतेच की, लोकांना कशाला हवे?’ या प्रश्नात मला दम वाटत नाही. निक्सन प्रकरणानंतर, १९७७पासून, अमेरिकी करखात्याच्या नियमपुस्तिकेत अध्यक्षांच्या विवरणपत्राची दरवर्षी सक्तीने तपासणी करण्याचा नियम आला. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत संसदेच्या समितीने या नियमाची चौकशी केली. पदावर असताना भरलेल्या विवरणपत्रांची तपासणी पहिली दोन वर्षे सुरूच झालेली नव्हती, असे डिसेंबर २०२२च्या अहवालात निघाले. पहिली तपासणी ज्या दिवशी सुरू झाली, तो दिवस ३ एप्रिल २०१९. समितीच्या अध्यक्षांनी खात्याला विचारणा केली तोच दिवस. नियम बेचाळीस वर्षे पुस्तकात होता. तो जागा झाला बाहेरून कुणीतरी दार वाजवल्यावर.

एवढे सांगून झाल्यावर पुष्कळ लेखक थांबतात आणि ‘पाहा, विवरणपत्र उघड केले की चोर सापडतो’ असा निष्कर्ष काढतात. इथे माझी वाट वेगळी होते. विवरणपत्राने चोर सापडत नाही, क्वचितच सापडतो. लाच घेणारा ती ‘इतर स्रोत’ या रकान्यात लिहीत नाही. विवरणपत्र म्हणजे माणसाने स्वतःच काढलेले स्वतःचे चित्र; त्यात तो स्वतःला जितका गोरा दाखवू शकतो तितका दाखवतो. ज्याचा सीए हुशार, त्याचे विवरणपत्र निष्कलंक. भ्रष्टाचारावरचा उतारा म्हणून ही सक्ती विकली, तर दोन निवडणुकांत लोकांचा भ्रमनिरास होईल आणि मग ‘काय उपयोग झाला?’ म्हणत ती मोडीतही निघेल.

विवरणपत्राचा उपयोग दुसरा आहे. उमेदवार ज्या पदासाठी उभा आहे, तिथे बसून तो कराचे कायदे करणार असतो. कुणाच्या उत्पन्नावर किती टक्के, कशाला सूट, कुणाची वजावट बंद, हे तो ठरवणार. मग त्याचे स्वतःचे घर सध्याच्या कोणत्या सवलतीवर चालले आहे, हे मत देणाऱ्याला कळायला नको? हा त्याच्या चारित्र्याचा प्रश्नच नाही. घराच्या वाटणीत पंच म्हणून कुणाला बसवताना त्याचा त्या घरात हिस्सा आहे का, हे आपण विचारतो. हिस्सा असणे गुन्हा नसतो. फक्त तो आधी माहीत असावा लागतो.

२०१२च्या अमेरिकी निवडणुकीत अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्याबाबत हेच घडले, आणि माझ्या मते या वादातले ते सर्वांत शिकवणारे उदाहरण आहे. रॉम्नी यांनी बराच काळ टाळाटाळ करून दोन वर्षांची विवरणपत्रे दिली. २०११मध्ये सुमारे एक कोटी ३७ लाख डॉलरच्या उत्पन्नावर त्यांनी सुमारे १९ लाख ४० हजार डॉलर कर भरला होता. म्हणजे १४.१ टक्के. पगारदारांसाठी कराचा वरचा टप्पा तेव्हा ३५ टक्क्यांचा होता. रॉम्नींनी एक पैसाही चुकवला नव्हता. त्यांचे बहुतेक उत्पन्न गुंतवणुकीतून येत होते आणि त्यावर कायद्यानेच कमी दर ठेवला होता. खासगी गुंतवणूक निधी चालवणाऱ्यांना नफ्यात मिळणारा वाटासुद्धा याच कमी दराच्या छपराखाली येत होता. ही तरतूद तोवर करतज्ज्ञांच्या परिसंवादात चर्चिली जात होती. एका उमेदवाराच्या विवरणपत्रामुळे ती ट्रकचालकाला आणि शिक्षिकेला समजली. काहींना वाटले, गुंतवणुकीला उत्तेजन हवेच, बरोबर आहे. काहींना संताप आला. दोघांनाही आता नेमके कशावर मत द्यायचे ते ठाऊक होते.

त्याच विवरणपत्रात एक गमतीदार तपशील होता. रॉम्नी दांपत्याने त्या वर्षी सुमारे ४० लाख डॉलर दान केले होते, पण वजावट मागितली फक्त साडेबावीस लाखांवर. सगळी मागितली असती तर कराचा दर फारच खाली गेला असता, आणि आपण कधीच १३ टक्क्यांहून कमी कर भरलेला नाही असे ते आधीच बोलून बसले होते. लोक बघणार म्हणून एक माणूस कायद्याने देय होता त्याहून जास्त कर भरतो, हे मला मोठे मजेशीर वाटते. आणि थोडे सावध करणारेही. एका-दोन वर्षांचे विवरणपत्र दाखवण्यासाठी सजवता येते. मिट यांचे वडील जॉर्ज रॉम्नी यांनी १९६७मध्ये स्वतः उमेदवार असताना बारा वर्षांची विवरणपत्रे दिली होती, ती याच विचाराने. मुलाने दोनच दिली.

आता भारताकडे. इथे हा प्रश्न अर्धा सुटलेला आहे. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, उमेदवाराची मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे आणि तो अभिव्यक्तिस्वातंत्र्यातूनच येतो, असा निर्णय दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष तेव्हा झटक्यात एक झाले. ऑगस्टमध्ये अध्यादेश आला आणि न्यायालयाने जे सांगितले त्यातले बरेचसे उघड करण्याची गरज नाही अशी तरतूद कायद्यात घुसवली गेली. १३ मार्च २००३ला न्यायालयाने तीही रद्द केली. तेव्हापासून उमेदवारी अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते. आज ते ‘नमुना २६’ या नावाने ओळखले जाते. फेब्रुवारी २०१८मध्ये न्यायालयाने त्यात उत्पन्नाचे स्रोतही मागितले. २०१९च्या लोकसभा निवडणुकीपासून स्वतःचे, जोडीदाराचे, अवलंबितांचे आणि हिंदू अविभक्त कुटुंबाचे पाच वर्षांचे, विवरणपत्रात दाखवलेले एकूण उत्पन्न लिहावे लागते.

हे थोडे नाही. पुष्कळ प्रगत म्हणवणाऱ्या लोकशाह्यांत उमेदवाराला एवढेही सांगावे लागत नाही. पण त्या पाच रकान्यांत दर वर्षाचा एकेक आकडा असतो, विवरणपत्र नसते. आणि तो आकडा फसवा आहे.

‘एकूण उत्पन्न’ हा शब्द ऐकून आपल्याला वाटते, माणसाकडे वर्षभरात आलेला सगळा पैसा. करकायद्यातला अर्थ वेगळा आहे. वजावटी काढल्यावर, तोटे वळते केल्यावर, आणि करमुक्त उत्पन्न मुळात धरलेच नाही, अशा रीतीने उरलेली ती रक्कम असते. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकरातून मुक्त आहे. ब्रिटिश काळापासूनची ही सूट. १९३५च्या भारत सरकार कायद्याने शेती उत्पन्नावरचा कर प्रांतांकडे दिला आणि संविधानाने तीच वाटणी पुढे चालू ठेवली. भागीदारी संस्थेच्या नफ्यातला वाटाही भागीदाराच्या हातात करमुक्त असतो, कारण कर संस्थेने आधीच भरलेला असतो. म्हणजे एखाद्याला शेतीतून कोटभर आणि भागीदारीतून दोन कोट मिळत असतील, तरी शपथपत्रातल्या त्या रकान्यात चार लाख लिहून तो शंभर टक्के खरे बोलू शकतो. फॉर्मने त्याला जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिले. विवरणपत्रात मात्र या दोन्ही रकमा असतात. करमुक्त उत्पन्नाची वेगळी अनुसूचीच असते. मतदाराला हवी ती माहिती सरकारच्या एका कपाटात आहे आणि त्या कपाटाच्या दारावरचा एक आकडा तेवढा त्याला वाचायला मिळतो.

शेतीच्या सवलतीबद्दल इथे वाद घालायचा नाही. कोरडवाहू तुकड्यावर राबणाऱ्याकडून प्राप्तिकर घ्यावा असे म्हणणारा मी नाही. प्रश्न एवढाच की ती सवलत राहावी की जावी, कुणाला असावी आणि कुठवर, हे ज्या सभागृहांत ठरते तिथे बसणाऱ्यांपैकी किती जण तिचे मोठे लाभार्थी आहेत? आज हे कुणालाही कागदावरून सांगता येत नाही. पाकिस्तानातही शेतीकर प्रांतांकडेच आहे आणि संसदेत जमीनदारांचा भरणा आहे. २०१२मध्ये तिथल्या एका पत्रकाराने शोधून काढले की दर दहा खासदारांपैकी जवळपास सात जणांनी आदल्या वर्षी विवरणपत्रच भरले नव्हते. गदारोळ झाला आणि २०१४पासून तिथल्या महसूल मंडळाने प्रत्येक लोकप्रतिनिधीने किती कर भरला याची यादी छापायला सुरुवात केली.

(जाता जाता: भारतात खासदार-आमदारांचे मानधन ‘पगार’ या शीर्षाखाली करपात्र होत नाही, ‘इतर स्रोत’ या शीर्षाखाली होते. पगार म्हटला की नोकर-मालक नाते लागते आणि लोकप्रतिनिधीला कायद्याच्या लेखी मालक नाही. मतदारांनी यावर काय ते समजावे.)

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. त्यात बरेच खरे आहे, आणि खासगीपणाचा मुद्दा सर्वांत खरा. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकाराच्या एका प्रकरणात, सरकारी कर्मचाऱ्याचे प्राप्तिकर विवरणपत्र ही त्याची वैयक्तिक माहिती आहे, मोठे लोकहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही, असे म्हटले. एप्रिल २०२४मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका निवडणूक याचिकेत न्यायालय म्हणाले की उमेदवाराने आपल्या घरातली प्रत्येक जंगम वस्तू सांगायची गरज नाही. मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क अमर्याद नाही. दोन्ही निकाल मला पटतात. पहिला कर्मचाऱ्याबद्दल आहे. त्याने लोकांकडे सत्ता मागितलेली नसते, परीक्षा देऊन नोकरी मिळवलेली असते. दुसऱ्या निकालाने कुतूहल आणि गरज यांच्यात रेघ ओढली आहे. तीच रेघ विवरणपत्राच्या आतही ओढायला हवी.

कारण विवरणपत्रात काय काय असते ते पाहा. घरात कुणाला दुर्धर आजार असेल तर त्याच्या उपचाराची वजावट असते. अपंग मुलाच्या संगोपनाची असते. कोणत्या देवस्थानाला, कोणत्या संस्थेला दान दिले, ते नावानिशी असते. बँकेचे खाते क्रमांक, राहत्या घराचा पत्ता, भाडेकरूचे नाव असते. यातले काहीही जाहीर करण्याचे कारण नाही. आजाराच्या आणि दानाच्या रकमा एकत्र करून एक बेरीज दाखवली की पुरे, तपशील झाकावा. याला एक अपवाद मी ठेवीन: राजकीय पक्षाला दिलेली देणगी. जुनी करपद्धत निवडणाऱ्याला तिच्यावर करात पूर्ण वजावट मिळते. ज्या पक्षाचे तिकीट मिळाले त्याच पक्षाला आदल्या वर्षी किती दिले, हे मतदाराला कळले तर तिकीटवाटपाच्या चर्चेला थोडी चव येईल.

जोडीदाराचे काय? तो किंवा ती उमेदवार नसते. एप्रिल २०२२मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांच्या पत्नीचा करदर्जा उघड झाला. ब्रिटनबाहेरच्या उत्पन्नावर तिथे कर न भरण्याची कायदेशीर मुभा त्या वापरत होत्या. टीका झाल्यावर यापुढे ब्रिटनमध्ये कर भरेन, असे त्यांनी जाहीर केले. त्यांनी नियम मोडला नव्हता. पण पती देशाचे कर ठरवत असताना घर त्या सवलतीचे लाभार्थी आहे, ही बाब खासगी म्हणता येईल का? मला नाही वाटत. म्हणून जोडीदाराचे उत्पन्न कुठून येते आणि कोणत्या मोठ्या सवलतीखाली येते, एवढे सांगावे. पूर्ण विवरणपत्र फक्त उमेदवाराचे. ही तडजोड आहे, आणि तिच्यातून पैसा जोडीदाराच्या नावावर सरकवायची फट राहते हे मला दिसते. ती फट आजही आहे.

दुसरा आक्षेप सत्तेच्या गैरवापराचा. करखाते सरकारच्या हातात असते. विरोधी उमेदवाराला ऐन निवडणुकीत नोटीस पाठवायला कितीसा वेळ लागतो? इथेही निक्सनच आठवतात. त्यांच्या माणसांनी शत्रूंच्या याद्या करखात्याकडे पाठवल्या होत्या, आणि त्या अनुभवातूनच १९७६मध्ये अमेरिकेत विवरणपत्रांच्या गोपनीयतेचा कडक कायदा झाला. एकाच माणसामुळे देशाने दोन धडे घेतले: अध्यक्षांनी विवरणपत्रे स्वतःहून दाखवायची प्रथा आणि करखात्याने कुणाचीही न दाखवायचा कायदा. कार्टरपासून ओबामांपर्यंत प्रत्येक अध्यक्षाने प्रथा पाळली. २०१६मध्ये ट्रम्प यांनी तपासणी चालू असल्याचे कारण देऊन ती मोडली, आणि तपासणीमुळे विवरणपत्र जाहीर करायला काही आडकाठी नसते, हे करखात्याने सांगूनही फरक पडला नाही. सौजन्यावर उभी असलेली गोष्ट एका नकाराने पडते.

गैरवापराची भीती खरी धरूनही माझा हिशेब उघडपणाच्या बाजूने झुकतो. आज सत्तेवर असलेल्याला प्रतिस्पर्ध्याच्या विवरणपत्रापर्यंत पोहोचण्याच्या वाटा आहेत. प्रतिस्पर्ध्याला सत्ताधाऱ्याच्या विवरणपत्रापर्यंत नाहीत. मतदाराला कुणाच्याच नाहीत. गोपनीयतेने दुबळ्याचे रक्षण होते असे म्हणावे तर ती इथे उलट्या दिशेने काम करते. शिवाय झाकलेले कधीतरी फुटतेच. आणि फुटते तेव्हा फोडणाऱ्याच्या सोयीच्या वेळी, सोयीच्या तुकड्याने. ट्रम्प यांनी २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत प्रत्येकी ७५० डॉलर संघीय प्राप्तिकर भरला, ही बातमी सप्टेंबर २०२०मध्ये, मतदानाला काही आठवडे उरले असताना आली. विवरणपत्रे फोडणाऱ्या करखात्याच्या कंत्राटी कर्मचाऱ्याला जानेवारी २०२४मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. संसदीय समितीने सहा वर्षांची विवरणपत्रे रीतसर प्रसिद्ध केली ती ३० डिसेंबर २०२२ला. त्यांत मला कराच्या आकड्यापेक्षा परदेशी बँकखात्यांची नोंद जास्त बोलकी वाटली. चीनमधले एक खाते २०१७पर्यंत चालू होते. चीनशी व्यापाराचे धोरण ठरवणाऱ्याबद्दल ही माहिती २०१६च्या मतदाराला मिळायला हवी होती. तिचे त्याने काय करायचे ते त्याने ठरवले असते.

लोक चुकीचा अर्थ काढतील, हा आक्षेप मला दुबळा वाटतो, खोटा नव्हे. २०१६मध्ये ब्रिटनच्या विरोधी पक्षनेत्याने, जेरेमी कॉर्बिन यांनी, आपले हाताने भरलेले विवरणपत्र जाहीर केले आणि ते उशिरा दिल्याबद्दल शंभर पौंड दंड झाल्याचे कळले. वर्तमानपत्रांनी त्या शंभर पौंडांवर जेवढी शाई खर्च केली तेवढी क्वचितच एखाद्या कररचनेवर केली असेल. व्हायचेच. खऱ्याखुऱ्या तोट्यातल्या दुकानदाराला ‘करबुडवा’ म्हटले जाईल, निवृत्त शिक्षिकेच्या व्याजावर अग्रलेख येतील. पण मतदार चुकीचे वाचतील म्हणून त्यांना वाचायलाच द्यायचे नाही, हा युक्तिवाद एकदा मान्य केला तर मतपत्रिकेपाशीही थांबता येणार नाही.

चांगली माणसे निवडणुकीपासून दूर राहतील, असेही म्हणतात. २००२मध्ये शपथपत्रांबद्दल हेच म्हटले जात होते. १९९९च्या लोकसभा निवडणुकीत ४,६४८ उमेदवार होते, २०२४मध्ये ८,३६०. त्यांतली किती चांगली होती हे मला मोजता येत नाही, पण कागदाला भिऊन रांग आटली नाही एवढे खरे.

कॅलिफोर्नियाचे राज्यपाल जेरी ब्राउन यांनी २०१७मध्ये अध्यक्षीय उमेदवारांना विवरणपत्र सक्तीचे करणारे विधेयक परत पाठवताना विचारले होते: आज विवरणपत्रे, उद्या काय, आरोग्याच्या नोंदी? शाळेतली प्रगतिपुस्तके? पुढच्या राज्यपालांनी २०१९मध्ये कायदा केला आणि त्याच नोव्हेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. मान्यताप्राप्त उमेदवाराला मतपत्रिकेवर स्थान देणे कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या घटनेने बंधनकारक असताना साधा कायदा त्यात अट घुसवू शकत नाही, म्हणून. ब्राउन यांच्या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. उमेदवार निवडून येऊन प्रगतिपुस्तके ठरवणार नाही, त्याच्या रक्तातली साखर कायद्याने कमी-जास्त करणार नाही. कर ठरवणार आहे. रेघ तिथे ओढता येते. म्हणूनच ग्रामपंचायतीच्या उमेदवाराकडून मी विवरणपत्र मागणार नाही. प्राप्तिकराचा कायदा त्याच्या हातात नाही. संसद आणि विधिमंडळे, एवढेच.

नॉर्वेचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथे प्रत्येक नागरिकाचे निव्वळ उत्पन्न, संपत्ती आणि भरलेला कर हे आकडे कुणालाही पाहता येतात. २०१४पासून कुणी पाहिले तेही ज्याचे पाहिले त्याला कळते, आणि मग शेजाऱ्यांचे कुतूहल एकदम ओसरले. छान व्यवस्था आहे, पण आपल्या प्रश्नाला लागू नाही. तिथे सगळ्यांचे थोडे उघडते. मला थोड्यांचे पुष्कळ उघडायचे आहे.

मग करायचे कसे? अमेरिकेसारखे हजार पानांचे गठ्ठे मतदानाआधी दोन आठवडे टाकून उपयोग नाही. माझी मागणी साधी आहे. उमेदवाराने पाच वर्षांची विवरणपत्रे, वर सांगितलेले झाकून, शपथपत्राला जोडावीत. करखात्याने फक्त एक गोष्ट सांगावी: जोडलेली प्रत आणि आमच्याकडे दाखल झालेली प्रत जुळते की नाही. खरेखोटे, योग्य-अयोग्य यावर खात्याने एक शब्दही बोलू नये. तोंड उघडले की राजकारण शिरते. आज खोट्या शपथपत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे, पण खोटे सिद्ध करायला कागद कुठे असतो? प्रत जुळली नाही तर तो कागद तिथेच तयार होईल. आणि ज्याचे उत्पन्न करमर्यादेखाली असल्याने त्याने कधी विवरणपत्र भरलेलेच नाही, त्याच्यासाठी तसे लिहायला एक ओळ असावी. त्या ओळीवर खूण करणाऱ्याकडे कुणी संशयाने पाहू नये.

हा कायदा करणार कोण, हे मला विचारू नका. उत्तर प्रदेशात १९८१च्या एका कायद्याने मंत्र्यांच्या पगारावरचा प्राप्तिकर सरकारी तिजोरीतून भरला जात होता. मंत्री गरीब असतात, असे कारण दिले गेले होते. सरकारे आली, गेली, सर्व रंगांची आली. तरतूद २०१९पर्यंत तशीच राहिली. त्या वर्षी वर्तमानपत्रात बातमी आली आणि काही दिवसांत ती मागे घेतली गेली. २००२चा अध्यादेश तर वर आलाच आहे.

पण वाट पाहायची काही गरज नाही. गोपनीयतेच्या कायद्याने बांधले आहे ते करखात्याला. करदात्याने स्वतःचे विवरणपत्र कुणालाही दाखवावे, भिंतीवर चिकटवावे, प्रचाराच्या पत्रकामागे छापावे, त्याला कुठलाही कायदा अडवत नाही. पुढच्या निवडणुकीत एखाद्या उमेदवाराने शपथपत्रामागे पाच प्रती टाचल्या, तर त्या मतदारसंघातल्या बाकीच्यांना निदान आपण का टाचल्या नाहीत ते सांगावे लागेल.